खोडरबरावरची वारली भिंत

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असते आणि सहीशेजारी जांभळा गोल शिक्का असतो. असा शिक्का दुकानातूनच करून आणावा लागतो, अशी आपली समजूत असते. पण तुमच्या कंपासपेटीतल्या खोडरबरावरही सुरेख ठसा कोरता येतो. तो कसा कोरायचा आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आज पाहू. चित्र मात्र आपण पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या भिंतींवरून घेणार आहोत. का, ते लवकरच कळेल.

लाल जमीन, पांढरी रेष

जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. येथील वारली घरांच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपतात आणि वरून गेरू देतात. मग तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचे वर्तुळ आणि हातापायांच्या रेषा, की झाला माणूस! जमीन लाल आणि रेष पांढरी. हा क्रम लक्षात ठेवा, कारण आपल्या ठशाची सारी युक्ती त्यातच आहे.

खोडरबर म्हणजे रबरच का?

झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबराने शिसपेन्सिलीच्या खुणा पुसता येतात, ही नोंद इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी १७७० साली केली. त्याआधी लोक पावाचा चुरा वापरत! पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना आढळले, की रबरात गंधक मिसळून तापवले तर हा दोष जातो. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. गंधक त्या साखळ्यांमध्ये पूल बांधते. म्हणून असे रबर दाबले तर दबते आणि हात काढताच मूळ आकार घेते. दुकानात होणारे रबरी शिक्के याच गुणावर चालतात.

तुमचे पांढरे, मऊ खोडरबर मात्र बहुधा झाडाच्या रबराचे नसतेच. ते पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ घातलेला असतो. असे खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला लागून बरेच दिवस पडले, तर तिला चिकटून बसते. तो तेलकट पदार्थ हळूहळू पट्टीत शिरतो आणि तिचा पृष्ठभाग मऊ करतो. म्हणून तयार ठसा नेहमी कागदात गुंडाळून ठेवा. कोरण्यासाठी हेच मऊ खोडरबर चांगले. ते भुगा न होता स्वच्छ कापले जाते.

काढले ते कोरे, राहिले ते छापले

भेंडी आडवी कापून रंगात बुडवली, तर कागदावर पाच कोनांचे फूल उमटते, हे तुम्ही लहानपणी केले असेल. भेंडीच्या भिंती कागदाला टेकतात आणि मधले पोकळ कप्पे टेकत नाहीत. ठशाचा नियमही तोच. जो भाग उंच राहतो तो छापतो. जो भाग कोरून काढला तिथे कागद कोरा राहतो.

आता वारली माणूस कोरायचा आहे. पहिली रीत अशी, की माणूस तेवढा उंच ठेवायचा आणि भोवतालचे सारे खोडरबर कोरून काढायचे. पण मग हातापायांच्या रेषा बारीक भिंतींसारख्या उभ्या राहतात, दाबल्यावर लवतात आणि चटकन तुटतात. दुसरी रीत सोपी आहे. माणूसच कोरून काढा आणि भोवतालचे तसेच राहू द्या! एका झटक्यात एक पाय, दुसऱ्या झटक्यात दुसरा. गेरूच्या रंगात ठसा उमटवला, की लाल जमिनीवर पांढरा माणूस उभा. कागदाचा पांढरेपणा म्हणजेच आपले तांदळाचे पीठ. खोडरबराला जे सर्वांत सोपे, तेच भिंतीचे रूप आहे. म्हणून आपण हे चित्र निवडले.

उलट्याचे सुलट

ठसा आरशासारखा असतो, डावे-उजवे बदलतो. भात कापणाऱ्या बाईच्या उजव्या हातात विळा कोरलात, तर छापात तो डाव्या हातात जाईल. अक्षरांचेही तसेच. यावर युक्ती अशी. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने सुलटे चित्र काढा. कागद खोडरबरावर पालथा घाला आणि मागून नखाने घासा. पेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्राफाइट, खोडरबराला चिकटते आणि चित्र आपोआप उलटे उतरते. छापताना ते पुन्हा उलटते. दोनदा उलटले म्हणजे सुलटे झाले!

हत्यार आणि हात

जव्हार-मोखाड्याच्या पावसात दर वर्षी घरोघर एखादी छत्री तरी मोडते. तिची पोलादी काडी टाकू नका. ती पन्हळीसारखी पोकळ असते. वडीलधाऱ्यांकडून तिचा बोटभर तुकडा काढून घ्या, टोक तिरपे करून दगडावर घासा आणि दुसरे टोक लाकडी मुठीत बसवा. झाली कोरणी! कोरताना शिक्षक किंवा मोठे माणूस जवळ असू द्या. हत्याराचे तोंड नेहमी अंगापासून दूर ठेवा आणि खोडरबर धरलेला हात हत्याराच्या मागे ठेवा. रेषेला एक मिलिमीटर खोली पुरे. त्रिकोणाच्या पोटासारखा रुंद भाग दोन मिलिमीटर खोल काढा, नाहीतर दाबल्यावर त्याचा तळ कागदाला टेकेल. वळण कोरताना कोरणी फिरवू नका, खोडरबर फिरवा. खाचेच्या कडा खाली आत झुकू देऊ नका. त्या बाहेर उतरत्या असल्या, की उरलेला भाग पक्क्या पायावर उभा राहतो.

गेरूची शाई

गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो आणि मग तळाशी बसतो. म्हणून वस्त्रगाळ गेरू डिंकाच्या पाण्यात दाटसर कालवा आणि दर वेळी ढवळा. हे पाणी खोडरबरावर थेंब थेंब होऊन गोळा होते का? मग साबणाच्या पाण्याचा एक थेंब घाला. त्याने पृष्ठताण कमी होऊन शाई सारखी पसरते. ठसा शाईत बुडवू नका, खाचा भरून जातील. सुती कापडाची पुरचुंडी शाईत भिजवून हलकेच थापटा.

आता दाबाचे गणित. ४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद खोडरबराचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर. निम्मा भाग कोरून काढला, तर कागदाला ४ चौरस सेंटिमीटरच टेकतात. हाताचा जोर तोच, पण दाब दुप्पट. आपल्या ठशात बराच भाग टेकतो, म्हणून छाप मध्येच फिका येण्याचा संभव असतो. ठसा मऊ घडीच्या कागदावर ठेवून चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा.

ठशाला न जमणारी गोष्ट

१९७० च्या दशकात वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणूजवळील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवर असो वा कागदावर, हाताने काढलेली दोन माणसे कधी तंतोतंत सारखी नसतात. तारप्याच्या नाचात वीस जण असतील, तर वीस वेगवेगळी वळणे दिसतील. ठशाने मात्र एकच माणूस वीस वेळा उमटेल. म्हणून आपला ठसा म्हणजे वारली चित्र नव्हे. त्या चित्राकडून शिकलेला एक धडा आहे. लग्नात सुवासिनी काढतात तो पालघट देवीचा चौक ही पूजेची गोष्ट आहे, तो खेळासाठी कोरू नका. झाड, मोर, नांगर, विळा, तुमच्या गावाला येणारी एसटी, असे काहीही कोरा.

आणि हे करून पाहा. एकाच खोडरबराचे दोन तुकडे घ्या. एकावर माणूस उंच ठेवा, दुसऱ्यावर तोच माणूस कोरून काढा. दोन्हींचे पन्नास पन्नास छाप काढा. कोणत्या ठशाचा पाय आधी तुटतो, वहीत नोंदवा, आणि का ते वर्गात सांगा.