आययूआय उपचारातील इंजेक्शने : निवड करताना काय पाहावे?

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही की आप्तेष्टांचे प्रश्न सुरू होतात. लग्नसमारंभ असो वा गावचा सण, 'गोड बातमी कधी?' हे विचारणारे कोणी ना कोणी भेटतेच. दोष मात्र बहुधा सुनेच्याच माथी मारला जातो. अशी दाम्पत्ये पुढे वंध्यत्व निवारण केंद्राची पायरी चढतात. आधी गोळ्या होतात, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, 'आता इंजेक्शने घेऊन आययूआय करू.' औषधांच्या दुकानात गेल्यावर कळते की एकाच कामासाठी अनेक नावांची इंजेक्शने आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत आहे. महाग ते घ्यावे की स्वस्त? आणि ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय सांगते? या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु डॉक्टरांसमोर बसताना दाम्पत्याला आपले प्रश्न नीट मांडता यावेत, एवढा त्याचा उपयोग व्हावा.

इंजेक्शन नेमके काय करते?

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातील फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, वाढू लागतात. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढीला लागतात. परंतु थोड्याच दिवसांत रक्तातील एफएसएचचे प्रमाण घटते आणि त्या घटलेल्या प्रमाणातही तग धरणारी एकच पिशवी पूर्ण वाढते. बाकीच्या सुकून जातात. एका वेळी साधारणतः एकच मूल जन्माला यावे, यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे.

इंजेक्शनाद्वारे बाहेरून एफएसएच दिले की ते प्रमाण घटत नाही. ज्या स्त्रीमध्ये एकही बीज पक्व होत नव्हते तिच्यात ते पक्व होते, हा लाभ. मात्र ज्या पिशव्या सुकून जायच्या त्याही वाढू शकतात, हा धोका. लाभ आणि धोका एकाच क्रियेतून उद्भवतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन समजणे सोपे जाईल.

आययूआयमध्ये पतीचे वीर्य प्रयोगशाळेत स्वच्छ करून बारीक नळीने पत्नीच्या गर्भाशयात सोडले जाते. बीज पक्व झाल्यावर एचसीजी नावाचे वेगळे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. त्या बेताने आययूआयची वेळ ठरविली जाते.

धर्मभगिनींचे योगदान

या औषधाच्या इतिहासात कॅथलिक वाचकांना विशेष वाटावे असे एक पान आहे. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीची अंडाशये प्रतिसाद देत नाहीत, म्हणून पीयूष ग्रंथी अधिकाधिक एफएसएच आणि एलएच सोडत राहते आणि ही संप्रेरके मूत्रावाटे बाहेर पडतात. इटलीतील सेरोनो या कंपनीचे शास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी १९४९ साली अशा मूत्रातून ही संप्रेरके वेगळी काढली. औषध मोठ्या प्रमाणावर तयार करावयाचे, तर शेकडो वयस्क स्त्रियांचे मूत्र नियमितपणे मिळणे आवश्यक होते. त्या काळी व्हॅटिकनचे या कंपनीत भागभांडवल होते आणि पोप बारावे पायस यांचे पुतणे प्रिन्स जुलिओ पाचेल्ली हे तिच्या संचालक मंडळावर होते. इटलीतील मठांतल्या वयोवृद्ध धर्मभगिनींकडून ते मूत्र गोळा करण्याची व्यवस्था झाली. डॉक्टर ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी इस्रायलमध्ये हे औषध वापरले आणि १९६२ साली तेथे त्या उपचारातून पहिले बालक जन्मास आले. ज्यांनी स्वतः मातृत्वाचा त्याग केला होता, त्या भगिनींमुळे इतर स्त्रियांना मातृत्व लाभले.

तीन प्रकार

आज मिळणारी इंजेक्शने स्थूलमानाने तीन प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार एचएमजी. हे मूत्रापासून बनविलेले असून त्यात एफएसएच आणि एलएच दोन्ही असतात. त्याची ७५ युनिटची कुपी सर्वत्र परिचित आहे.

दुसरा प्रकार शुद्धीकृत एफएसएच. तेही मूत्रापासूनच बनते. मात्र त्यातील एलएच जवळजवळ काढून टाकलेले असते.

तिसरा प्रकार रिकॉम्बिनंट एफएसएच. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेले हे औषध हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत जनुकीय तंत्राने तयार करतात. त्याची मात्रा अचूक मोजता येते. पेनसारख्या उपकरणाने ते त्वचेखाली घरीच टोचता येते. त्याची किंमत मात्र अधिक असते.

महाग म्हणजे अधिक गुणकारी असा समज असल्यास तो दूर करावा. टेस्ट ट्यूब पद्धतीत मूत्रजन्य आणि रिकॉम्बिनंट औषधांची तुलना करणाऱ्या ४२ चाचण्यांचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९,६०६ दाम्पत्यांचा समावेश होता. जिवंत बालक जन्माला येण्याच्या प्रमाणात दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून केवळ किमतीमुळे कर्ज काढून महाग औषध घेण्याचे कारण नाही. सोय, औषधाची उपलब्धता आणि स्त्रीची प्रकृती पाहून निवड करावी. एक अपवाद लक्षात ठेवावा. ज्या स्त्रीची पीयूष ग्रंथीच दोन्ही संप्रेरके सोडत नाही, तिला केवळ एफएसएच पुरत नाही. एलएचही द्यावे लागते. अशा वेळी एचएमजी उपयुक्त ठरते.

खरा प्रश्न मात्रेचा

औषध कोणत्या नावाचे, यापेक्षा ते किती दिले आणि त्यावर लक्ष कसे ठेवले, हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वंध्यत्वाचे कारण न सापडलेल्या ९०० दाम्पत्यांना आययूआयसोबत जास्तीत जास्त चार वेळा औषध देण्यात आले. काहींना इंजेक्शने मिळाली, काहींना क्लोमिफेनच्या गोळ्या, तर काहींना लेट्रोझोलच्या. इंजेक्शनांच्या गटात ३२.२ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफेनच्या गटात २३.३ टक्के आणि लेट्रोझोलच्या गटात १८.७ टक्के.

एवढेच वाचले तर इंजेक्शनच श्रेष्ठ ठरेल. परंतु पुढचा आकडाही वाचला पाहिजे. इंजेक्शनाने राहिलेल्या गर्भधारणांपैकी ३२ टक्के एकाहून अधिक गर्भांच्या होत्या. क्लोमिफेनमध्ये हे प्रमाण ९ टक्के आणि लेट्रोझोलमध्ये १३ टक्के होते. गोळ्यांच्या गटांत आढळली ती सर्व जुळी होती. इंजेक्शनांच्या गटात २४ जुळी आणि १० तिळी होती.

जुळी, तिळी म्हणजे एका खर्चात भरलेले घर, असे काहींना वाटते. वस्तुतः अशा गर्भारपणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळांचे कमी वजन आणि मातेचा वाढलेला रक्तदाब यांचा धोका बराच वाढतो. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे काढावे लागले, तर त्याचा खर्च इंजेक्शनांच्या खर्चाच्या कित्येक पट होतो. दुसरा धोका अंडाशये अतिउत्तेजित होण्याचा. पोट फुगणे, दुखणे, उलट्या, लघवी कमी होणे, झपाट्याने वजन वाढणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो.

यावर उपाय म्हणजे अल्प मात्रा आणि संयम. आययूआयसाठी सामान्यतः दिवसाला ३७.५ ते ७५ युनिटपासून प्रारंभ करतात आणि सोनोग्राफीने फॉलिकल मोजत पुढे जातात. पूर्ण वाढलेले फॉलिकल सुमारे १८ मिलिमीटरचे असते. दोनपेक्षा अधिक फॉलिकल मोठे झाले, तर एचसीजीचे इंजेक्शन न देता तो महिना सोडून द्यावा आणि त्या काळात पती-पत्नींनी शरीरसंबंध टाळावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय. पैसे वाया गेल्याचे दुःख होईल. पण ते दुःख सोसण्याची तयारी आधीच ठेवावी.

ख्रिस्तसभेची शिकवण

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत : इंजेक्शन आणि आययूआय.

संप्रेरकांच्या उपचाराला ख्रिस्तसभेचा विरोध नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिग्निटास पेर्सोने' या दस्तऐवजात वंध्यत्वावरील संप्रेरक उपचार, गर्भनलिकांतील अडथळा दूर करणारी शस्त्रक्रिया इत्यादी उपचार स्वीकारार्ह म्हणून नमूद केले आहेत. ते शरीरातील उणीव भरून काढतात आणि अपत्यप्राप्ती पती-पत्नींच्या मीलनातूनच होते. इंजेक्शने घेऊन, योग्य दिवस साधून, नैसर्गिक संबंधातून गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो. ज्यांचा मूळ दोष बीज पक्व न होण्याचा आहे आणि पतीचे वीर्य निर्दोष आहे, त्यांनी डॉक्टरांना हा पर्याय अवश्य विचारावा.

आययूआयच्या बाबतीत निकष वेगळा आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली कॅथलिक डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात आणि पुढे १९८७च्या 'डोनुम व्हिटे' या दस्तऐवजात तो सांगितला आहे. तांत्रिक साधन पती-पत्नींच्या मीलनाला साहाय्य करीत असेल तर ते ग्राह्य. मीलनाची जागाच घेत असेल तर ग्राह्य नाही. प्रचलित आययूआयमध्ये मीलनाविना वीर्य घेतले जाते. ती पद्धत या निकषाला उतरत नाही. मीलनातून मिळविलेले वीर्य वापरल्यास काय, यावर कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांत मतभिन्नता आहे. परपुरुषाच्या वीर्याचा वापर मात्र कोणत्याही परिस्थितीत अमान्य आहे. अशा वैद्यकीय साहाय्याने जन्मलेले प्रत्येक बालक मात्र देवाचेच दान आहे. त्याच्या प्रतिष्ठेला कोणताही उणेपणा येत नाही, हेही ख्रिस्तसभा तितक्याच स्पष्टपणे सांगते.

सर्वांत कठीण प्रसंग पुढे असतो. तिळे किंवा चार गर्भ राहिले की 'एक-दोन कमी करू' असा सल्ला दिला जाऊ शकतो. शब्द सौम्य असला तरी हा गर्भपातच आहे, असे 'डिग्निटास पेर्सोने' स्पष्ट सांगते. इतकी वर्षे ज्या बाळाची प्रार्थना केली, त्याच्याच भावंडाचा जीव घेण्याचा निर्णय आई-बापांवर येऊन पडतो. हा प्रसंग टाळण्याची वेळ तिसऱ्या महिन्यात नसते. ती इंजेक्शनाची मात्रा ठरवितानाच असते. अल्प मात्रा आणि वेळीच थांबणे हा म्हणूनच केवळ वैद्यकीय मुद्दा नाही. तो आपल्या विवेकाचाही प्रश्न आहे.

आणखी एक नोंद. फोलिट्रोपिन डेल्टा हे नव्या पिढीचे औषध १९८५ साली गर्भपात झालेल्या भ्रूणाच्या डोळ्यातील ऊतीपासून विकसित केलेल्या पेशींत तयार होते. ते टेस्ट ट्यूब पद्धतीसाठी बनविलेले आहे. त्याचे नाव कोणी सुचविल्यास वर सांगितलेले पर्याय उपलब्ध असल्याचे स्मरणात ठेवावे.

सुई टोचण्यापूर्वी

डॉक्टरांना पुढील गोष्टी नि:संकोचपणे विचाराव्यात.

१. पतीच्या वीर्याची तपासणी झाली आहे काय? दोष केवळ पत्नीत शोधणे हा अन्याय आहे.

२. गर्भनलिका मोकळ्या आहेत काय? आपल्या देशात क्षयरोगाने त्या बंद झालेल्या आढळतात. दोन्ही बंद असतील तर इंजेक्शने आणि आययूआय दोन्ही निष्फळ.

३. गोळ्यांचा पुरेसा प्रयत्न झाला आहे काय? लेट्रोझोलच्या या वापरावर भारतात २०११ साली बंदी आली होती. ती नंतर उठविण्यात आली.

४. किती फॉलिकल झाले तर आपण थांबणार? गर्भ कमी करण्यास आमची संमती नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे.

५. एकूण किती महिने प्रयत्न करायचा आणि एका महिन्याचा खर्च किती? उत्तर लेखी घ्यावे.

६. औषध फ्रिजमध्ये ठेवावयाचे काय? अनेक इंजेक्शनांना २ ते ८ अंश तापमान लागते. घरी नेताना बर्फाची पिशवी जवळ असावी.

७. केंद्र नोंदणीकृत आहे काय? २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार केवळ आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी आवश्यक आहे.

तीन-चार प्रयत्नांनंतरही यश आले नाही, तर थांबून पुनर्विचार करण्यात कमीपणा नाही. दत्तकाचा मार्गही खुला आहे. पूर्वी भारतातील ख्रिस्ती दाम्पत्यांना १८९०च्या कायद्यानुसार मुलाचे केवळ पालकत्व मिळत असे. आता बाल न्याय कायद्यान्वये त्यांना पूर्ण अर्थाने दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. नाझरेथच्या घरात योसेफानेही पितृत्व असेच स्वीकारले होते.

आणि आपण इतरांनी काय करावे? निदान पुढच्या लग्नसमारंभात 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न विचारू नये. ज्या सुनेच्या पोटावर रोज सुई टोचली जात आहे, तिला आपल्या मौनाचा आणि प्रार्थनेचा आधार अधिक मोलाचा वाटेल.