कापडी लंगोट की बाजारचे डायपर? धुणं, वाळवणं आणि नमाजाचा सवाल

आम्ही दोघी जावा, ओझरला एकाच घरात राहतो. गेल्या दोन वर्षांत या घरात दोन बाळं आली, आधी मुलगा, मग मुलगी. पहिल्या बाळाच्या वेळी आम्ही बाजारचे डायपर आणले, दुसऱ्याच्या वेळी कापडावर आलो. मधल्या काळात खूप चुका केल्या. शेजारच्या, नात्यातल्या मुली आता विचारायला येतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी खर्चाचं बोलू. एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याला १,५०० रुपये होतात, वर्षाला १८,०००. एका पगारावर चालणाऱ्या घरात हा आकडा बोचतो. मग काय होतं? डायपर बदलायचंच टाळलं जातं. ‘अजून भरला नाही, राहू दे’ म्हणत सकाळचा डायपर दुपारपर्यंत आणि रात्रीचा दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. हात लावला तर कोरडाच लागतो, कारण आतली पावडर शू शोषून तिची जेली करते. शी मात्र ती शोषत नाही. आमच्या मुलाच्या जांघा अशाच लाल झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘दिवसात किती वेळा बदलता?’ आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

पुरळ येतं त्याचं कारण साधं आहे. ओलाव्यात त्वचा फुगते, नाजूक होते आणि मग घासली जाते. शूमधल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. त्याने त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा कमी होतो आणि शीमधले पाचक रस त्वचेला जास्त झोंबतात. म्हणजे गुन्हेगार प्लॅस्टिक किंवा कापड नसून ओलं आणि घाण तसंच अंगावर राहणं आहे. कापडी लंगोटाने पुरळ येतच नाही, असं विकणारे सांगतात. तसं नाही. ओला लंगोट तासभर तसाच ठेवला तर बाळाला तोच त्रास होणार. फरक एवढाच की कापड ओलं झालं की लगेच कळतं, आणि बदलताना दहा रुपये गेले असं वाटत नाही.

आता कापड कोणतं घ्यायचं? दादी म्हणायची, जुनी सुती साडी किंवा मलमलचा दुपट्टा फाडा. तिचं बरोबर होतं. आम्ही आधी तयार पॉकेट डायपर मागवले होते, रंगीत, बटणांचे, एकेक तीन-चारशे रुपयांना. त्यांचं बाहेरचं कापड पाणी अडवणारं असतं आणि आत जाड पट्टी सरकवायची असते. दिसायला छान. पण ती जाड पट्टी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा पाऊण मीटरचा चौकोनी सुती तुकडा घ्या. घडी घातली की सहा-आठ पदर होतात, दोरीवर उलगडून टाकला की एकच पदर. एक पदर पटकन धुतला जातो, पटकन पिळतो, पटकन वाळतो. ज्या घरात नळाला दिवसाआड पाणी येतं आणि मशीन नाही, तिथे आमचं मत स्पष्ट आहे, महागड्या लंगोटांच्या मागे लागू नका. असे २४ ते ३० तुकडे आणि वरून घालायची चार-पाच पाणी अडवणारी चड्डी, एवढ्यात भागतं. पहिले काही आठवडे दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, नंतर कमी होतात. पॉकेट डायपर घेतलाच, तर मायक्रोफायबरची पट्टी थेट त्वचेला लावू नका. ती त्वचेचा ओलावाही ओढून घेते, म्हणून वर सुती पदर हवा.

घडी तिकोनी घालायची आणि मध्ये एक जाड पट्टी ठेवायची. मुलाला पुढच्या बाजूला जास्त पदर, मुलीला मध्यभागी. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा. सेफ्टी पिनपेक्षा नाडी बरी. आणि मेणकापड बाळाच्या अंगाला गुंडाळू नका, ते गादीवर, गोधडीखाली अंथरायचं असतं.

नवीन सुती कापड पहिल्याच दिवशी पाणी शोषत नाही. कापसात नैसर्गिक तेलकटपणा असतो, कापडाला खळही असते. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुतल्यावर ते शोषायला लागतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी सगळं अंथरूण ओलं झालं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘तुमचं हे नवीन खूळ.’ दुसरी चूक आम्ही महिन्याभराने केली. बाळाचे कपडे मऊ राहावेत म्हणून कपडे मऊ करणारं सुवासिक लिक्विड घातलं. ते धाग्यावर थर करतं आणि पाणी आत जाऊच देत नाही. पुरळाच्या जाड मलमाचंही तेच होतं. मलम लावायचं असेल तर लंगोटात जुन्या मलमलची वेगळी पट्टी टाका, म्हणजे लंगोट खराब होत नाही.

धुण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मी घरं इथेच कंटाळून कापड सोडतात. शी आधी संडासात टाकायची. बाळ फक्त आईच्या दुधावर असेपर्यंत ती पाण्याने सहज निघते, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की झटकून टाकावी लागते. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, असं आपल्याकडे बऱ्याच जणी मानतात. हे चुकीचं आहे, तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून ती मोरीत वाहू द्यायची नाही आणि प्रत्येक वेळी हात साबणानेच धुवायचे.

मग लंगोट लगेच साध्या गार पाण्यात खळबळून पिळायचा. पहिलंच पाणी गरम घेतलं तर डाग पक्के होतात. पिळलेला लंगोट उघड्या बादलीत ठेवायचा. झाकण लावून, पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवला तर डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटतो, तोच वर सांगितलेला अमोनिया. रोजचे लंगोट रोज धुतलेले उत्तम. धुताना गरम पाणी, बेताची पावडर, नीट चोळणं, आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून पिळणं, असं तीन वेळा. साबण उरला की नाही हे पाहायचं असेल तर धुतलेला लंगोट बादलीत बुडवून पिळा. फेस आला तर अजून एक पाणी हवं. उरलेला साबणही त्वचेला खाजवतो. जंतुनाशक द्रव रोज घालायची गरज नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर वडीचा साबण वापरू नका. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबणाची साय बनते आणि ती कापडात अडकते. लंगोट करकरीत, राखाडी होतो तो त्यामुळे. धुण्याची पावडर वापरा, हवा तर चमचाभर धुण्याचा सोडा घाला, आणि मग नीट खळबळा. पाणी अडवणारी चड्डी उकळू नका, ब्लीचमध्ये टाकू नका आणि कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नका, तिचा थर सुटतो. ती सावलीत वाळते. सुती तुकडे मात्र उन्हातच टाका. ऊन डागही काढतं आणि वासही.

पावसाळ्यात आमची खरी परीक्षा होते. कुबट वास येणारा, अर्धवट ओला लंगोट बाळाला घालायचा नाही. आम्ही पंख्याखाली दोरी बांधतो आणि शेवटी गरम इस्त्री फिरवतो. थंडीत निफाड तालुक्यातला पारा एक आकडी होतो हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी सकाळी लवकर वाळत घालून उपयोग नसतो, ऊन तापल्यावरच घालावं. रात्री दोन पट्ट्या टाकल्या तरी एकदा उठून बदलावं लागतंच. हे काम एकट्या आईच्या अंगावर टाकलं तर आठवड्यात डायपरचं पुडकं घरात येणार. आमच्याकडे वाळत घालणं आणि घड्या करणं पुरुषांकडे आहे. सुरुवातीला गच्चीवर जाताना ते आजूबाजूला कोणी पाहतंय का बघायचे. आता बघत नाहीत.

आता नमाजाचा सवाल. कापडी लंगोट वापरायला कित्येक जणी घाबरतात त्या यासाठीच. ‘कपडे सारखे नापाक होतात, मग नमाज कशी पढायची?’ काही जणी तर बाळ मोठं होईपर्यंत नमाजच सोडून देतात. याची गरज नाही. आमच्यातली एक माहेरची कोकणातली, शाफई. दुसरी नाशिकची, हनफी. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच आहेत.

हनफी मसलकात मुलगा असो की मुलगी, दोघांची शू नापाक आणि धुवायलाच हवी. शूसारखी वाळल्यावर न दिसणारी घाण असेल तर कपडा तीन वेळा धुवायचा आणि दर वेळी पिळायचा. शी असेल तर ती पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. प्रयत्न करूनही न जाणारा फिका डाग उरला तर तो माफ आहे. म्हणजे बाळाच्या त्वचेसाठी जी तीन पाणी सांगितली, त्यात पाकीचंही काम होऊन जातं. शाफई मसलकात दोन वर्षांच्या आतला, दुधाशिवाय दुसरं अन्न न खाणारा मुलगा असेल तर त्याच्या शूवर पाणी शिंपडून ती जागा भिजवली तरी पुरतं. मुलीची शू धुवावी लागते. याचा आधार उम्मे कैस बिन्त मिहसन यांच्या हदीसचा आहे. त्यांच्या तान्ह्या मुलाने रसूलुल्लाह ﷺ यांच्या कपड्यावर शू केली, तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडलं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हनफी उलमा तिचा अर्थ हलकं धुणं असा घेतात.

लंगोट बदलल्याने वुजू तुटतो का? हनफींच्या मते नाही, हात धुतले की झालं. शाफईंच्या मते बाळाच्या गुप्तांगाला तळहात लागला तर तुटतो. आणि सुक्या कपड्यात बाळ मांडीवर येऊन बसलं म्हणून आपला कपडा नापाक होत नाही, ओल लागली तरच. आम्ही नमाजाचा एक जोड आणि ओढणी कपाटात वेगळी ठेवलीय. बाळ झोपलं की तो घालायचा. लंगोटाची बादलीही वेगळी ठेवा. घरच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवले तर सगळेच कपडे नापाक होतात. मशीनमध्ये टाकायचे तर आधी हाताने खळबळून, वेगळी खेप लावून आणि स्वच्छ पाण्याच्या फेऱ्या पुरेशा देऊन. तुमच्या मशीनबद्दल शंका असेल तर मस्जिदच्या इमामसाहेबांना विचारा, असले सवाल त्यांना नवे नाहीत.

‘एवढं पाणी कुठून आणायचं?’ हा दुसरा सवाल. ओझर हे पाण्याचा हिशेब जाणणारं गाव आहे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे नव्वदच्या दशकात वाघाड धरणाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था इथूनच उभ्या केल्या. आमच्या घरी लंगोटांना रोज चार बादल्या लागतात. शेवटचं पाणी संडासात ओततो, तिथे नाहीतरी लागतंच. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांची तुलना केली होती. त्यात दिसलं की कापडी लंगोट आपोआप चांगला ठरत नाही. मशीनच्या गरम हवेत वाळवला तर त्याचा फायदा उरत नाही. दोरीवर वाळवला आणि तोच दुसऱ्या बाळाला वापरला तर फायदा मोठा. आपल्याकडे दोरी आणि ऊन दोन्ही आहेत, आणि थोरल्याचे लंगोट धाकटीला आलेच.

पुरळ दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, जांघेच्या घडीत लालभडक होऊन भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ते बुरशीचं असू शकतं. तेव्हा घरगुती मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि त्या दिवसांत सुती लंगोट उकळून घ्या. टाल्कम पावडर मात्र कधीच नको, ती श्वासातून बाळाच्या छातीत जाते.

आणि हो, आम्ही बाजारचे डायपर पूर्ण सोडलेले नाहीत. नाशिकला दवाखान्यात जायचं असेल, लग्नाला जायचं असेल तर पिशवीत दोन असतातच. तेव्हाही दर तीन-चार तासांनी बदलतो, शी झाली तर लगेच. वापरलेला डायपर शी काढून, कागदात घट्ट गुंडाळून घंटागाडीत वेगळा देतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तो गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. बाणगंगेच्या काठाला पिशवी भिरकावून मोकळं होऊ नका, त्यातलं प्लॅस्टिक आपल्या नातवंडांच्या वेळीही तिथेच पडलेलं असेल.