महासत्तेच्या सिंहासनाचा पुढचा वारस कोण?

'महासत्ता' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. विकासदर थोडा वर गेला किंवा एखादे यान अवकाशात यशस्वीरीत्या पोहोचले, की 'भारत महासत्ता होणार' अशी ग्वाही व्यासपीठांवरून दिली जाते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांनी १९९८ मध्ये 'इंडिया २०२०' या पुस्तकात मांडलेले उद्दिष्ट मुळात विकसित राष्ट्राचे होते. भाषणांतून आणि फलकांवरून त्याचे रूपांतर 'महासत्ते'त कधी झाले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. २०२० उलटून गेले आणि आता विकसित भारतासाठी २०४७ हे वर्ष मुक्रर करण्यात आले आहे. दरम्यान, गेली आठ दशके जगाचे नेतृत्व करणारी अमेरिकाच आपल्या जबाबदाऱ्यांतून अंग काढून घेऊ लागली आहे. त्यामुळे तिच्यानंतर कोण, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांच्या चर्चेपुरता राहिलेला नाही.

महासत्ता कशाला म्हणायचे?

हा शब्द रूढ झाला तो अमेरिकी अभ्यासक विल्यम फॉक्स यांच्या १९४४ मधील पुस्तकामुळे. फॉक्स यांनी तीन महासत्ता सांगितल्या होत्या : अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन. मोठी सत्ता आपल्या परिसरात वचक ठेवते. महासत्ता मात्र जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात आपले सामर्थ्य पोहोचवू शकते आणि तिला डावलून कोठलाही मोठा निर्णय होत नाही, असा या संकल्पनेचा गाभा आहे.

फॉक्स यांच्या यादीतील ब्रिटनचा फोलपणा अवघ्या बारा वर्षांत उघड झाला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलै १९५६ मध्ये सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनने फ्रान्स व इस्रायल यांच्या साथीने हल्ला चढवला. रणांगणावर सरशी होत होती. पण पौंड घसरू लागला आणि हल्ला थांबेपर्यंत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत मिळू न देण्याचा पवित्रा अमेरिकेने घेतला. ब्रिटनला निमूटपणे माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला. ज्याच्या हाती चलन, त्याच्या हाती सत्ता, हा धडा जगाला मिळाला.

या घटनेची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. औद्योगिक उत्पादनात अमेरिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ब्रिटनला मागे टाकले होते. तरीही जगाचे नेतृत्व तिच्याकडे आले ते दोन महायुद्धांनंतर. संपत्ती आणि सत्ता यांच्यात अर्ध्या शतकाचे अंतर राहिले. नव्या दावेदारांची पारख करताना हे अंतर विसरून चालत नाही. १९८०च्या दशकात जपान अमेरिकेला मागे टाकणार, असे भाकीत सर्रास केले जात होते. १९८९च्या अखेरीस टोकियोच्या शेअर बाजाराने गाठलेला उच्चांक पुन्हा दिसायला २०२४ उजाडावे लागले!

चीन : सर्वांत जवळचा दावेदार

आजघडीला सर्व कसोट्यांच्या जवळपास पोहोचलेला एकच देश आहे आणि तो म्हणजे चीन. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाल्यानंतर चीन जगाचा कारखाना बनला, तर २०१० मध्ये त्याने जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होण्याचा मान मिळवला. युद्धनौकांच्या संख्येत चीनचे नौदल अमेरिकेच्या पुढे गेले आहे. मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सर्वत्र लागणाऱ्या दुर्मिळ मृदा खनिजांच्या शुद्धीकरणात चीनचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणताच जगभरातील मोटार कारखान्यांचे धाबे दणाणले.

असे असले, तरी चीनच्या वाटेत तीन मोठे अडसर आहेत. पहिला लोकसंख्येचा. एक मूल धोरणाची किंमत आता वसूल होत असून २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे. दुसरा अर्थव्यवस्थेचा. २०२१ मध्ये चीनचे सकल उत्पादन अमेरिकेच्या सुमारे तीन चतुर्थांश होते. २०२४ मध्ये हे प्रमाण दोन तृतीयांशाच्याही खाली आले. बांधकाम क्षेत्रातील पडझड हे त्यामागचे एक ठळक कारण. 'एव्हरग्रांड' ही बलाढ्य कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला.

तिसरा अडसर विश्वासाचा आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत डॉलरचा वाटा अद्याप निम्म्याहून अधिक आहे. युआनचा जेमतेम दोन टक्के. भांडवलाची ये-जा सरकारच्या मर्जीवर असेल, तर त्या चलनात आपली बचत कोण ठेवणार? मित्रांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील 'नाटो'त ३२ देश आहेत. चीनचा परस्पर संरक्षणाचा करार आहे तो एकट्या उत्तर कोरियाशी.

युरोप, रशिया आणि ब्राझील

युरोपीय संघाकडे २७ देश, सुमारे ४५ कोटी लोकसंख्या आणि डॉलरखालोखाल स्वीकारले जाणारे युरो हे चलन आहे. परंतु परराष्ट्र धोरणाच्या बहुतेक निर्णयांसाठी एकमत लागते आणि एखादे छोटे सदस्यराष्ट्रही ते रोखून धरू शकते. संरक्षणासाठी अमेरिकेवर विसंबून राहण्याची सवयही अजून सुटलेली नाही.

रशियाची स्थिती नेमकी उलट आहे. निर्णय एका हाती आहेत, अण्वस्त्रे पाच हजारांवर आहेत, सुरक्षा परिषदेत नकाराधिकारही आहे. पण अर्थव्यवस्था चीनच्या आठव्या हिश्श्याइतकीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू केलेल्या युक्रेन युद्धामुळे त्याची सुमारे ३० हजार कोटी डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली आणि चीनवरील त्याचे अवलंबित्व वाढले. 'ब्रिक'मधला चौथा देश ब्राझील निसर्गसंपन्न आहे. मात्र दूरदेशी लष्करी सामर्थ्य पोहोचवण्याची ना त्याला गरज वाटते, ना इच्छा आहे.

भारत कोठे उभा आहे?

लोकसंख्येच्या बाबतीत २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणारा तो पहिला देश ठरला. चार लाख कोटी डॉलरच्या आसपास गेलेली अर्थव्यवस्था आणि अण्वस्त्रसज्जता यांमुळे जगाला भारताची दखल घ्यावी लागते, हे खरेच. पण दखल घेणे वेगळे आणि नेतृत्व मान्य करणे वेगळे.

दरडोई उत्पन्नाचा आकडा पुरेसा बोलका आहे. २०२४ मध्ये तो भारतात सुमारे पावणेतीन हजार डॉलर, चीनमध्ये १३ हजारांवर, तर अमेरिकेत ८५ हजारांच्या घरात होता. कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याची घोषणा २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया'ने केली. तो १७ टक्क्यांच्या पुढे सरकलेला नाही. जवळपास निम्मे कामकरी हात अजूनही शेतीत अडकलेले आहेत आणि शस्त्रास्त्रांच्या मोठ्या आयातदारांच्या यादीतून भारताचे नाव हटलेले नाही.

सर्वांत कळीचा मुद्दा काळाचा आहे. भारताचे मध्यवय २८-२९ वर्षे आहे. चीनचे ४०च्या आसपास. हा तरुण मनुष्यबळाचा लाभ कायमचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा प्रजननदर दोनवर, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या पातळीच्या खाली आला आहे. आणखी दोन-तीन दशकांत ही पिढी उतारवयाकडे झुकेल. तोवर तिला चांगले शिक्षण आणि हातांना काम मिळाले नाही, तर श्रीमंत होण्याआधीच म्हातारे होण्याची वेळ देशावर येईल.

सिंहासन रिकामे राहिले तर?

इतिहासात असा एक काळ होऊन गेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर जगाचा गाडा ओढण्याची ताकद ब्रिटनमध्ये उरली नव्हती आणि अमेरिकेची तयारी नव्हती. ती राष्ट्रसंघात सामील झाली नाही. उलट १९३० मध्ये तिने आयातशुल्काच्या भिंती उंच केल्या. इतर देशांनी जशास तसे उत्तर दिले, व्यापार आटला आणि मंदी अधिकच गहिरी झाली. आर्थिक इतिहासकार चार्ल्स किंडलबर्गर यांनी त्या महामंदीच्या तीव्रतेचे मूळ या नेतृत्वाच्या पोकळीतच शोधले होते.

आजची लक्षणे फारशी वेगळी नाहीत. जागतिक व्यापार संघटनेचे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण त्यावरील नेमणुका अमेरिकेनेच अडवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा सुरतच्या हिरे कारागिरांपासून मुंबईच्या 'सीप्झ'मधील दागिने उद्योगापर्यंत सर्वांना त्याची झळ बसली. मात्र अंतिम निवाडा देऊ शकेल असे जागतिक पीठ उरलेले नव्हते.

तेव्हा नजीकच्या काळात अमेरिका दुबळी होत जाईल, चीन बलवान पण एकाकी राहील आणि सिंहासनावर निर्विवाद हक्क सांगणारा कोणीच नसेल, हीच शक्यता अधिक दिसते. अशा जगात भारताने महासत्तेच्या घोषणा देण्यापेक्षा कोणत्याही एका दरवाजावर अवलंबून राहावे लागणार नाही इतके बळ अंगी आणणे अधिक निकडीचे आहे. ते बळ शाळा, कारखाने आणि प्रयोगशाळा यांतूनच येते. संपत्ती आली तरी सत्ता यायला अमेरिकेला अर्धे शतक लागले होते. भारताला तर अजून पहिली पायरीच पूर्ण करायची आहे.