सहा आणि सहा : 12.6

महाविद्यालयाच्या जर्नलमध्ये मी एकदा लिहिले होते : भाकीत 6 व्होल्ट, प्रत्यक्ष 6.0 व्होल्ट, चूक शून्य. शेरा मिळाला ‘उत्तम’. यंदा दिवाळीआधी माळा आवरताना ते जर्नल हाती लागले. त्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून खोडलेला आणखी एक आकडा होता, 12.6.

प्रयोग साधाच. 12 व्होल्ट छापलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याला एकसर जोडलेले, एकेक मेगाओहमचे दोन रोध. वाटणी समान, म्हणजे सहा-सहा. मल्टिमीटर आळीपाळीने दोन्ही रोधांना लावला, दोन्हीकडे 6.0. मग सहज बाहेरच्या दोन टोकांना लावला, तर 12.6! बेरीज जुळेना, म्हणून मी तो आकडा खोडला. खरे तर तेवढाच आकडा बरोबर होता.

प्रवाह एसी म्हटल्यावर पहिला संशय येतो तो कलांतराचा. मंडलात कपॅसिटर असता तर मीटरवरच्या आकड्यांची सरळ बेरीज चाललीच नसती. पण नुसत्या रोधांत सगळी व्होल्टेजेस प्रवाहाबरोबरच चढतात-उतरतात. बेरीज व्हायलाच हवी. गुस्ताव किरखॉफ यांनी 1845 साली, विद्यार्थीदशेत असतानाच, मांडलेला नियम इथेही लागू आहे.

चुकली होती माझी समजूत. मीटर नुसता बघतो, असे मी धरून चाललो होतो. तो बघताना थोडा प्रवाह स्वतःकडे वळवतो. त्याचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम. तो एका मेगाओहमला समांतर लागला की जोडीचा रोध 0.909 मेगाओहम उरतो. त्यामुळे मोजल्या जाणाऱ्या रोधावर 6.0 आणि शेजारच्यावर 6.6. बेरीज चोख 12.6. मीटर हलवला की ही कमतरताही त्याच्याबरोबर हलते. मीटर दूर असताना दोघांवर 6.3 असतात, पण ते बघायला जावे तर पुन्हा 6.0!

आणि छापील 12? तो आकडा पूर्ण भार असतानाचा; भार नगण्य असला की ट्रान्सफॉर्मर जास्तच देतो. म्हणजे भाकीत 0.3 ने कमी, मोजमापही 0.3 ने कमी. दोन चुका एकमेकींना सांभाळून गेल्या आणि ‘उत्तम’ मला मिळाले.

परवा तीच मांडणी एकेक किलोओहमचे रोध घेऊन केली. दहा मेगाओहमचा मीटर त्यांच्यापुढे जवळपास नसल्यासारखाच. या वेळी छापील आकडा न धरता आधी ट्रान्सफॉर्मर मोजला : 12.40. रोधांवर 6.22 आणि 6.18.