डोक्याची गोळी, छातीची धडधड

‘डोक्याच्या गोळ्या’ हा शब्द आपल्याकडे अजूनही हळू आवाजातच बोलला जातो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेला मित्र ओलान्झापिन घेतो, हे हॉस्टेलवर फार तर एकदोघांना माहीत असतं. त्याची झोप वाढली, वजन वाढलं की त्याची टिंगल होते. त्याच्या हृदयाचं काय, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी ‘रिचार्ज’ होतं. ठोक्याची विद्युतलहर सुरू झाल्यापासून हे रिचार्ज संपेपर्यंतचा वेळ ईसीजीवर मोजता येतो, त्याला ‘क्यूटी’ म्हणतात. काही अँटिसायकोटिक औषधं हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवतात आणि हा वेळ लांबतो. तो ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला, तर लय बिघडून माणूस अचानक कोसळण्याची भीती वाढते. थायोरिडाझिन हे एकेकाळचं गाजलेलं औषध याच धोक्यामुळे मूळ कंपनीने २००५ मध्ये बाजारातून काढून घेतलं.

मग नवी औषधं सेफ? तसं नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी असोत वा नवी, ही औषधं घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. डोस वाढला तसा धोकाही वाढला. ‘दुप्पट’ ऐकून घाबरायला होतं खरं, पण तरुण वयात मुळातला धोकाच फार छोटा असतो.

आपला खरा घोळ वेगळाच आहे. घसा धरला की आपण थेट मेडिकलमध्ये जाऊन अ‍ॅझिथ्रोमायसिन मागतो. तेही क्यूटी लांबवू शकतं. त्यात जुलाब होऊन पोटॅशियम उतरलेलं असेल, तर भर पडते. म्हणून डोक्याची गोळी चालू असेल, तर दुसरं कुठलंही औषध घेताना ते सांगायलाच हवं. लाजून कसं चालेल?

क्लोझापिनची गोष्ट आणखी वेगळी. क्वचित का होईना, पहिल्या दोन महिन्यांत त्याने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. ताप, धाप, छातीत दुखणं, असं काही झालं तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नये.

आता हे वाचून कुणी गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकू नका. फिनलंडमधल्या ११ वर्षांच्या नोंदींत ही औषधं अजिबात न घेणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्येच मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं होतं. शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझा ईसीजी काढायचा का? शुगर, कोलेस्टेरॉल कधी तपासायचं?’ ईसीजीला पाचदहा मिनिटं पुरतात. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, पण ते डॉक्टरांनीच करायचं. गोळ्या चालू असताना चक्कर येऊन पडलात किंवा धडधड थांबेना, तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा, आणि जाताना गोळ्यांचं पाकीट खिशात टाका.