जुन्या घराचं किचन बदलताय? फडताळाआधी भिंत बघा!

गावाकडच्या घराचं किचन मॉड्युलर करायचं ठरलं, की पहिली कुऱ्हाड पडते भिंतीतल्या लाकडी फडताळावर. ट्रॉली बसावी म्हणून सुतार म्हणतो, 'भिंत अजून फूटभर फोडू.' ढोकी-तेर भागातल्या दगडमातीच्या जुन्या घरांत इथेच थांबा.

कारण काय?

भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण बहुतेकदा त्या दोन भिंती असतात. आतून दगड, बाहेरून दगड, मधे माती आणि कपच्या. दोन्ही बाजू बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. फूटभर मातीचा थर म्हणजे दर चौरस फुटाला अंदाजे ४५ किलो! शिवाय गळती थांबवायला वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडलेली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती फुटल्या आणि वरची माती माणसांवर आली. सुमारे १० हजार जीव गेले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळया मात्र उभ्याच होत्या.

मग करायचं काय?

फडताळाचं लाकूड पेचकसने टोचून बघा. पोकळ लागलं तर वाळवी. टणक सागवान असेल तर घासून पॉलिश पुरे. भिंत फुगलेली दिसली तर आधी इंजिनिअर, मग सुतार. आरपार सांधे घालून ती बांधता येते. तो खर्च किचनच्या बजेटमध्येच धरा. माळवदावरची जादा माती उतरवून घ्या. ट्रॉल्या जमिनीवरच्या स्वतंत्र चौकटीत बसवा. चौकट भिंतीपासून बोटभर लांब ठेवली, तर पावसाळ्यात ओलही लागत नाही.