शब्दाची जात वाक्यात कळते : 'गोड', 'वर' आणि 'मी आंबा खाल्ला'



शाळा सुरू झाल्या की पाचवी-सहावीच्या वहीत पहिल्या काही दिवसांतच एक तक्ता उतरतो. शब्दांच्या जाती आठ. विकारी चार : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. अविकारी चार : क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मुलं हा तक्ता दोन दिवसांत पाठ करतात, व्याख्याही धडाधड म्हणून दाखवतात. मग चाचणीत वाक्य येतं, 'ती गोड बोलते', आणि बरीच मुलं 'गोड'पुढे 'विशेषण' लिहून मोकळी होतात.

यात मुलांचा दोष नाही. आपणच व्याख्येखाली उदाहरणं दिलेली असतात : गोड, लाल, मोठा, हुशार. मुलाच्या डोक्यात बसतं की 'गोड' हा विशेषणाच्या घरात राहणारा शब्द आहे. खरं तर शब्दाला असं कायमचं घर नसतं. वाक्यात त्याला जे काम मिळतं, त्यावरून त्याची जात ठरते. एवढी एकच गोष्ट मुलांना नीट कळली, तर तक्ता पाठ करण्याचं निम्मं ओझं उतरतं.

'गोड'चीच तीन वाक्यं फळ्यावर लिहा.

गोड आंबा पेटीत ठेव.
ती गोड बोलते.
आजोबांना गोड चालत नाही.

पहिल्यात 'गोड' आंब्याबद्दल सांगतो, म्हणजे विशेषण. दुसऱ्यात तो बोलण्याबद्दल सांगतो, म्हणजे क्रियाविशेषण. तिसऱ्यात 'गोड' म्हणजे गोड पदार्थ, म्हणून नाम. आता मुलं विचारतील, 'बाई, नाम कशावरून?' व्याख्या सांगत बसू नका, शब्दाला प्रत्यय लावून बघायला सांगा. 'गोडाचा शिरा', 'गोडाला नाही म्हणू नये' असं आपण घरी म्हणतोच. ला, ने, चा लागतो, आणि तो लागताना 'गोड'चं 'गोडा' होतं. यालाच सामान्यरूप म्हणतात. असं रूप घेऊन जो शब्द प्रत्यय स्वीकारतो, तो तिथे नामाचं काम करतोय. 'धावण्याने दम लागतो' या वाक्यात 'धावणे' क्रियापद का नाही, हेही याच कसोटीवर कळतं. 'ने' लागलाय, आणि वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद 'लागतो' हे वेगळं आहे.

क्रियापदाची कसोटी तर त्याहून सोपी. वाक्याच्या सुरुवातीला 'आज', 'काल', 'उद्या' ठेवून वाक्य म्हणायला लावा. जो शब्द आपोआप बदलतो, तो क्रियापद. पहिलीचं मूलही हे करतं.

आपल्या रत्नागिरीच्या मुलांना नामाचं लिंग शिकवायला पुस्तकाची गरज नाही, घराच्या आगरात जाऊन उभं राहिलं तरी पुरे. तो माड, ती पोफळ, ते कलम. तिन्ही झाडंच, पण तिघांची लिंगं वेगळी, आणि प्रत्यय लावला की तिघांचं सामान्यरूप वेगळं : माडाला, पोफळीला, कलमाला. शेजारच्या आंब्याचं तर 'आंब्याला' होतं, कारण तो आकारान्त. झाडात पुरुषपण-बाईपण काही नसतं, लिंग शब्दाला असतं, हे मुलांना इथे जितकं पटकन पटतं तितकं 'राजा-राणी'च्या जोड्यांनी पटत नाही.

'विकारी' या शब्दानेही गोंधळ होतो. विशेषण विकारी म्हणावं, तर 'लाल आंबा, लाल चिंच, लाल फूल' यात 'लाल' कुठे बदलला? उत्तर असं की आकारान्त विशेषणं बदलतात (पिवळा, पिवळी, पिवळे, पिवळ्या आंब्याला), बाकीची बहुतेक तशीच राहतात. याच्या उलट 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' यात 'चांगला' गाण्याबद्दल सांगतो, तरी बदलतो. त्याला क्रियाविशेषण म्हणावं, पण अव्यय म्हणू नये. मुलांनी हा प्रश्न विचारला तर शाबासकी द्या. तक्त्याच्या भेगा ज्याला दिसल्या, त्याला तक्ता कळलेला असतो.

या भेगा पडल्या का, तेही थोडं सांगतो. आठ जातींची ही मांडणी आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आली. संस्कृतात यास्काने चार प्रकार मानले होते : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा नव्या शाळांसाठी पुस्तकं हवी होती आणि इंग्रजीचा साचा समोर होता. इंग्रजीत नामाच्या आधी येणारा जो शब्द असतो, तो मराठीत नामाच्या मागून येतो आणि नामाला चिकटतो. आपल्या तक्त्यात त्या जागी शब्दयोगी अव्यय बसलं. साचा उसना, पण भाषा आपली, म्हणून काही ठिकाणी अंगरखा सैल आणि काही ठिकाणी घट्ट.

पुढे या सगळ्याची बारकाईने तपासणी ज्यांनी केली, ते मोरो केशव दामले आपल्याच मालगुंडच्या दामले घराण्यातले, केशवसुतांचे धाकटे भाऊ. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं, आणि आजही मराठी व्याकरणावर कुणी गंभीरपणे लिहायला बसलं की ते उघडल्यावाचून गत्यंतर नाही. गणपतीपुळ्याला सहल गेली की आपण मुलांना मालगुंडचं केशवसुत स्मारक दाखवतो. पुढच्या वेळी तिथे धाकट्या भावाचंही नाव सांगा.

शब्दयोगीचा विषय निघालाच आहे, तर एक अगदी व्यवहारातली गोष्ट. 'झाडा वर', 'शाळे मध्ये', 'घरा समोर' असं तोडून लिहिलेलं तुम्ही रोज वाचता. मुलांच्या वहीत असतं, दुकानाच्या पाटीवर असतं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर असतंच. फळ्यावर दोन वाक्यं लिहा : 'गडी वर चढला' आणि 'गडी माडावर चढला.' पहिल्यात 'वर' एकटा उभा आहे आणि चढण्याची जागा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण, म्हणून सुटा. दुसऱ्यात त्याने 'माड'ला धरलंय, धरताना 'माड'चं 'माडा' झालंय, म्हणून शब्दयोगी, म्हणून जोडून. आधीच्या शब्दाचं सामान्यरूप झालेलं दिसलं की 'वर' जोडून लिहायचा. शुद्धलेखनाची ही एक चूक शब्दांच्या जाती शिकवतानाच सुटते, तिच्यासाठी वेगळा तास नको.

आता वाक्याकडे. माझ्या मते मराठी व्याकरणातली सर्वात सुंदर गोष्ट आपण आठवी-नववीत 'प्रयोग' या रुक्ष नावाखाली शिकवतो आणि मुलांना घाबरवतो. खरं म्हणजे ती बालवाडीतल्या मुलीला येत असते. ती म्हणते :

मी आंबा खाल्ला.
मी चिंच खाल्ली.
मी केळं खाल्लं.
मी शाळेत गेले.

बोलणारी मुलगी एकच, पण पहिल्या तीन वाक्यांत क्रियापद तिच्याकडे बघतसुद्धा नाही. ते आंबा, चिंच, केळं यांच्यामागे जातं. मुलगी असून ती 'मी आंबा खाल्ली' म्हणत नाही. चौथ्या वाक्यात मात्र क्रियापद तिच्या मागे येतं. मुलगा असता तर 'गेलो' झालं असतं. सकर्मक, अकर्मक, कर्तरी, कर्मणी हे सगळं तिच्या जिभेवर आहे, फक्त त्याला नाव नाही. आपण नाव द्यायचं, एवढंच. (एखादं चौकस पोर विचारेल, 'मग मी पाणी प्यायले, मी वही विसरले, असं का?' पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे अशी थोडी क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्यामागेच जातात. ती वेगळी लिहून ठेवा.)

प्रयोग ओळखायला व्याख्येपेक्षा अदलाबदल उपयोगी पडते. 'गडी आंबे काढतो' यात गड्याच्या जागी बाई आणा : 'बाई आंबे काढते.' क्रियापद बदललं, ते कर्त्याच्या मागे आहे, म्हणून कर्तरी. 'गड्याने आंबा काढला' यात बाई आणा : 'बाईने आंबा काढला.' काही हललं नाही. आता आंब्याच्या जागी कैरी : 'काढली.' फळ : 'काढलं.' क्रियापद कर्माच्या मागे, म्हणून कर्मणी. 'गड्याने बैलाला बांधले' यात गड्याची बाई करा, बैलाची गाय करा, बैल दहा करा, 'बांधले' हलतच नाही. तो भावे. मुलांना हा खेळ वाटतो आणि उत्तर सहसा चुकत नाही.

शब्दांच्या क्रमाचा एक मुद्दा चटकन सांगतो. 'वाघाने माणसाला पाहिले' हे कसंही उलटंपालटं केलं तरी कोणी कोणाला पाहिलं ते कळतं, कारण 'ने' आणि 'ला' पहारा देत असतात. 'साप बेडूक खातो' यात पहारेकरी नाहीत, तिथे क्रमच अर्थ सांभाळतो.

आणि मग येतं सगळ्यांना छळणारं वाक्य : 'मला आंबा आवडतो.' कर्ता कोण? मुलं म्हणतात 'मी'. आपण नियम सांगतो, धातूला 'णारा' लावून विचारा, आवडणारा कोण? आंबा. म्हणून कर्ता आंबा. मुलांना ते पटत नाही, आणि त्यांचं न पटणं बरोबर आहे, कारण आवड तर माझी आहे, आंब्याला काय त्याचं! इथे नुसता नियम लादण्यापेक्षा पुन्हा क्रियापद कुणामागे जातं ते दाखवा : आंबा आवडतो, चिंच आवडते, केळं आवडतं. क्रियापद आंब्याचं ऐकतं, म्हणून शाळेच्या व्याकरणात आंबा कर्ता. ज्याला ती भावना होते, तो इथे 'मला' या रूपात बाजूला उभा आहे. 'त्याला थंडी वाजते', 'तिला ताप आला' ही त्याच घरातली वाक्यं.

सिंधुदुर्ग १९८१पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे नात्यागोत्यातून मालवणी कानावर पडलेली मुलं आपल्या वर्गात असतात. त्यांना हे त्यांच्या बोलीत विचारा. 'माका आंबो आवडलो', 'माका चिंच आवडली.' नियम तोच. बोलीला व्याकरण नसतं असं म्हणणाऱ्याला ही दोन वाक्यं पुरेशी आहेत, आणि ज्या मुलाला 'तुझं बोलणं अशुद्ध' असं ऐकावं लागलंय, त्याला तर ती फारच हवीत.

वर्गात दुसऱ्या प्रकारचंही मूल असतं. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आपल्या शाळांत बसतात. त्यांच्या भाषेत निर्जीव वस्तू अशा तीन लिंगांत वाटलेल्या नसतात. त्यांनी 'माझी आंबा' म्हटलं की वर्ग हसतो. बाकीच्यांच्या जिभेवर जे आयतं आहे, ते या मुलाला एकेक करून मिळवायचं असतं. त्याला आठ जातींचा तक्ता आधी देऊ नका. नवीन नाम शिकवताना 'माड' एवढंच न सांगता 'तो माड, माडाला' असं जोडीने द्या. शब्द, लिंग आणि सामान्यरूप एकाच घासात. आणि हसणाऱ्यांपैकी एकाला उभं करून विचारा, 'आंबा तो का, चिंच ती का, सांग बघू?' त्यालाही सांगता येणार नाही. मग दोघांना मिळून वर्गातल्या वीस वस्तूंची यादी करायला बसवा.

पालकांनी घरी करण्यासारखं एक काम. उद्या 'पण' हा शब्द घ्या आणि मुलांना तीन वेगळ्या कामांची वाक्यं करायला सांगा. 'तो आला पण बोलला नाही' हे लगेच मिळेल : उभयान्वयी. 'मी पण येतो' यात ते नुसता भर देतं, त्याला शुद्ध शब्दयोगी म्हणतात. 'त्याने पण केला', म्हणजे पैज किंवा प्रतिज्ञा, हे नाम, आणि 'पणाला लावले' म्हटलं की सामान्यरूपही दिसतं. मूल जर म्हणालं की शब्दयोगी जोडून लिहायचे असतात, मग 'मी पण' सुटं का, तर त्याला ते जोडून लिहायला सांगा आणि 'मीपण' म्हणजे काय ते शब्दकोशात बघायला लावा.